जाम झालेला ब्रेक, अडकलेली पिन आणि हंगामाआधीचे ४५ दिवस: ट्रॉली दुरुस्तीचा जोडधंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ट्रॉलीचा जाम झालेला ब्रेक सोडवून दाखवला. व्हिडिओत हात दिसतात, पाना दिसतो, पण कामाचा हिशोब कसा बसवायचा आणि कुठल्या कामाला "नाही" म्हणायचं, हे बारा मिनिटांत मावत नाही. ते इथे लिहितोय. ज्यांचं छोटं वेल्डिंगचं दुकान आहे, जे गॅरेजमध्ये हाताखाली काम शिकलेत, किंवा आयटीआय करून गावातच काहीतरी सुरू करू म्हणतायत, त्यांनी हे सावकाश वाचा.

आधी गिऱ्हाईक कोण ते बघू. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर हा ऊसपट्टा. कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे मे ते सप्टेंबर ऊस वाहतुकीच्या बऱ्याच ट्रॉल्या घरामागे, बांधावर, बाभळीखाली उभ्या असतात. अख्खा पावसाळा त्यांच्या अंगावर जातो. ब्रेक ओढून ठेवलेला असतो, पिन अडकवलेलीच असते. दसऱ्याच्या आसपास कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाची बातमी पेपरात आली की सगळ्यांना एकाच आठवड्यात ट्रॉली आठवते. ऊस सोडून इतर गिऱ्हाईकही आहे: पाण्याचे टँकर, रस्त्याच्या कामावरचे कॉम्प्रेसर, चाकावरचे जनरेटर, काँक्रीट मिक्सर. जे जे ओढून न्यायचं आणि महिनोन्‌महिने उभं राहायचं, ते जाम होणारच.

आता या धंद्याची खरी चावी सांगतो. गंज सोडवायला ताकदीपेक्षा वेळ जास्त लागतो. हंगामाच्या तोंडावर वाहतूकदाराकडे वेळ नसतो. टोळीला उचल देऊन झालेली असते, कोयते फडात उतरलेले असतात, ट्रॉली एक दिवस थांबली तर टोळी बसून राहते. मग तो म्हणतो, "मिस्त्री, ब्रेकचं राहू द्या, रॉड कापून टाका, चाक फिरलं म्हणजे झालं." हेच काम १ सप्टेंबरच्या सुमाराला हातात घेतलं तर तेल मुरायला रात्र मिळते, पार्ट मागवायला चार दिवस मिळतात आणि कापाकापी करावी लागत नाही. म्हणून हा धंदा हंगामात करायचा नाही. हंगामाआधीच्या ४५ दिवसांत करायचा.

रूट असा लावा. एका रस्त्यावरची पाच-सहा गावं धरा. पहिल्या दिवशी फक्त तपासणी आणि तेल. पाच ट्रॉल्या बघायच्या, फोटो काढायचे, सांध्यांवर तेल मारायचं, पुढे निघायचं. दुसऱ्या दिवशी त्याच पाच ठिकाणी जाऊन खोलायचं. एकाच गिऱ्हाइकाच्या दारात बसून तेल मुरायची वाट पाहिली तर दिवस वाया. पाच ठिकाणी एकदम मुरत ठेवलं तर ती वाट फुकटात पडते. समजण्यापुरता आकडा घेऊ: तपासणीचे ३०० रुपये आणि दोन चाकी ट्रॉलीच्या ब्रेकची मजुरी १,८०० रुपये, सामान वेगळं. पाच ट्रॉल्यांचे दोन दिवसांत १०,५०० होतात. यातून पेट्रोल, हेल्पर, तेल-ग्रीस वजा करा. तुमच्या भागातला दर वेगळा असेल, तो विचारून घ्या. पण तपासणीचे पैसे वेगळे लावायचेच. ते का, ते पुढे येईल.

"जाम आहे" म्हणजे नक्की काय?

गिऱ्हाईक फोनवर एवढंच सांगतं. तुम्हाला मात्र हातोडा उचलायच्या आधी कळलं पाहिजे की अडकलंय कुठे. पार्किंग ब्रेक ओढून ठेवला असेल तर लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये गंज धरून दोन्ही चिकटतात. कधी शू मोकळे असतात पण त्यांना उघडणारी कॅमची दांडी बुशमध्ये बसून जाते; ब्रेक ओढला की लागतो, सोडला की सुटत नाही. कधी केबल आवरणाच्या आत गंजते. आणि ज्या ट्रेलरला धक्क्यावर चालणारा ब्रेक असतो, म्हणजे पुढच्या वाहनाने वेग कमी केला की ट्रेलर पुढे सरकतो आणि त्या रेट्याने दांडीतला सरकता शाफ्ट आत जाऊन ब्रेक लावतो, तिथे तो शाफ्टच जाम होतो. चाकावरच्या बऱ्याच कॉम्प्रेसर-जनरेटरना हा प्रकार दिसतो.

ओळखायची सोपी रीत: ड्रमपाशी जाऊन लिव्हरपासून रॉड किंवा केबल सोडा. आता लिव्हर हाताने किंवा पाईप लावून हलवा. हलून परत येतो आणि चाक फिरतं, तर दोष पुढे केबलमध्ये किंवा दांडीत. लिव्हर हलतच नाही, तर कॅम. लिव्हर हलतो, सुटतो, तरी चाक अडलेलं, तर शू ड्रमला चिकटलाय, किंवा बेअरिंग गेलंय. पाच मिनिटांचं काम आहे, अर्धा दिवस वाचतो.

आधी जोड, मग ब्रेक

पिन किंवा हूक अडकलेला असतो तेव्हा बहुतेक वेळा त्यावर भार असतो. ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत नसतील, दांडीचं वजन पिनवर असेल, तर तुम्ही कितीही ठोका, पिन हलणार नाही. आधी ट्रॉलीच्या सगळ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. दांडीखाली जॅक घ्या आणि वजन उचला. पिन हाताने किंचित खुळखुळली की समजा भार गेला. मग सांध्याभोवतीचा चिखल-गंज वायर ब्रशने काढा आणि मगच तेल मारा. मातीवर तेल मारलं तर ते माती पिते.

तेल कुठलं? डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे चालतो, गंज सोडवणारं खास तेल मिळालं तर आणखी चांगलं. गावाकडे डिझेल मारतात. तेही चालतं, पण हळू. मारा, चार हलके ठोके द्या, परत मारा, रात्रभर ठेवा. हलक्या ठोक्यांनी गंजात बारीक भेगा पडतात आणि तेल आत जातं. सकाळी पिन आधी फिरवायचा प्रयत्न करा, बाहेर काढायचा नंतर. फिरली की निघते.

गॅसची ज्योत शेवटचा उपाय. वापरायचीच तर बाहेरचं कडं तापवा, पिन नाही. कडं फुगतं, पिन मोकळी होते. पिन लाल केलीत तर तिचा मूळचा टणकपणा जातो. ती पिन भंगारात टाका, परत लावू नका. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: टायर चढवलेल्या रिमवर किंवा चाकाच्या बोल्टवर ज्योत कधीही लावायची नाही. आतली हवा तापून टायर फुटतो, आणि तो बॉम्बसारखा फुटतो. चाक काढून बाजूला ठेवा, मग काय तापवायचं ते तापवा.

पिन निघाली की खरी तपासणी सुरू होते. पिन मधोमध झिजून कंबर पडली आहे का? दांडीचं गोल कडं अंडाकृती झालंय का? बदलायची पिन त्याच मापाची, ट्रॅक्टरच्या दुकानातून आणलेली. बांधकामाची सळई कापून पिन करणारे लोक आहेत, आणि आर-क्लिपच्या जागी बाइंडिंगची तार पिळणारेही. तुमच्या हातून गेलेल्या ट्रॉलीत हे दिसता कामा नये. गोळ्याचा जोड असेल तर बहुतेक ठिकाणी गोळा ५० मिमीचा असतो. व्हर्निअर लावा. झिजून ४९ मिमीवर आला असेल तर तो बदलायचा, त्यावर चर्चा नाही.

दोन ट्रॉल्या जोडून नेणाऱ्यांकडे पहिल्या ट्रॉलीचा मागचा हूक नक्की बघा. पुढच्या जोडाकडे ड्रायव्हरचं रोज लक्ष जातं, मागच्याकडे कोणी वाकून बघत नाही. वेल्डिंगच्या कडेला भेग आहे का हे शोधायला बाजारात तीन डब्यांचा रंगाचा सेट मिळतो. तो नसेल तर जुनी युक्ती: जागा घासून साफ करा, रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. भेग असली तर आत मुरलेलं रॉकेल पांढऱ्या पुडीवर ओली रेघ काढतं. गिऱ्हाइकाला बोलावून ही रेघ दाखवा. पन्नास शब्द समजावण्यापेक्षा ती रेघ जास्त पटते. वेल्डिंग करायच्या आधी मात्र ते रॉकेल पूर्ण साफ झालं पाहिजे.

ड्रम खोलताना

ट्रॉली जॅकवर घ्या आणि खाली लोखंडी घोडी लावा. विटांवर, दगडांवर ठेवलेल्या ट्रॉलीखाली हात घालायचा नाही. वीट सांगून फुटत नाही.

अॅडजस्टर पूर्ण ढिला करा. हा टप्पा लोक विसरतात. जुन्या ड्रमला आतून कड पडलेली असते आणि शू त्या कडेला अडकतात. अॅडजस्टर ढिला न करता ड्रम ओढलात तर शूच्या स्प्रिंगा आणि पिना उपटून येतात. बऱ्याच ड्रमच्या तोंडावर आटे असलेली दोन छिद्रं असतात. त्यात योग्य मापाचे बोल्ट घालून एक फेरा इकडे, एक फेरा तिकडे असे आवळत गेलात की ड्रम सरळ बाहेर येतो. छिद्रं नसतील तर तोंडावर गोलाकार फिरत मध्यम ठोके द्या. ओतीव लोखंडाच्या कडेवर घण मारलात तर तुकडा उडतो आणि नवा ड्रम तुमच्या खिशातून जातो.

ड्रम निघाला की आतली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. मास्क लावा, पाणी शिंपडून ओली करा, फडक्याने पुसून पिशवीत बांधा. हेल्परलाही मास्क. तो तुमच्यापेक्षा जवळ वाकलेला असतो.

लायनरवर ग्रीस किंवा तेल गेलेलं असेल तर तो लायनर संपला. जाळून, पेट्रोलने धुऊन परत लावणारे भेटतील; तुम्ही लावू नका. रिव्हेट असतील तर रिव्हेटच्या डोक्याला लायनर येऊन भिडलाय का ते बघा. दोन्ही बाजूंचे शू एकदमच बदलायचे. एका बाजूला नवा, एका बाजूला जुना असं केलंत तर ब्रेक मारला की ट्रॉली एकीकडे ओढते.

जाम झालेली कॅमची दांडी बाहेर काढून पॉलिश पेपरने साफ करा, बुश घासला असेल तर लेथवाल्याकडून नवा करून घ्या. बसवताना ग्रीस बेताने. इथे "जास्त ग्रीस म्हणजे चांगलं काम" चालत नाही, कारण जास्तीचं ग्रीस गरम होऊन लायनरवर उतरतं आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर येता. आत गंजलेली केबल तेल ओतून वाचवू नका. नवी टाका.

धक्क्याच्या ब्रेकमध्ये पुढचा रबरी बूट फाटला की पाणी आत जातं आणि शाफ्ट बसतो. शाफ्ट सोडवून साफ केला, निप्पलमधून ग्रीस भरलं आणि फाटका बूट तसाच ठेवला, तर पुढच्या पावसाळ्यात तोच फोन परत येईल. शिवाय आतला डॅम्पर बघा: शाफ्ट आत ढकलल्यावर तो दमाने बाहेर आला पाहिजे. ढकलला आणि आतच राहिला, किंवा भसकन आत गेला, तर डॅम्पर गेलाय.

अॅडजस्टिंगचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी चाकातले अॅडजस्टर, दोन्ही बाजू सारख्या. त्यानंतर रॉड आणि केबलची ढिलाई. सगळा ढिलेपणा रॉड आवळून काढायचा मोह होतो, कारण तो बाहेरून हाताला येतो. तसं केलं की शू ड्रमला कायम घासत राहतात आणि चाक तापतं. मागे घेताना आपोआप सुटणारे ब्रेक असतील तर अॅडजस्ट करताना चाक फक्त पुढच्या दिशेने फिरवा.

हायड्रॉलिक ब्रेकबद्दल थोडक्यात. ज्यात डबीतलं ब्रेक ऑइल लागतं, त्यात डिझेल, इंजिन ऑइल काहीही चालत नाही, रबर फुगून सगळं परत जाम होतं. उलट ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणाऱ्या ब्रेकमध्ये ट्रॅक्टरचंच तेल असतं. कुठली पद्धत आहे ते ओळखल्याशिवाय थेंबही ओतू नका. हवेचा ब्रेक असेल, आणि विशेषतः स्प्रिंगचा डबा दिसला, तर तो डबा उघडायचा नाही. आत दाबलेली स्प्रिंग जीव घेते. ते काम त्याच्या जाणकाराकडे.

सुटलेला ब्रेक आणि चालणारा ब्रेक

चाक फिरायला लागलं की गिऱ्हाईक खूश होतं आणि पैसे काढतं. तुमचं काम तिथे अर्धं झालेलं असतं. ब्रेक जाम होता तो आता सुटला. पण लागतोय का?

चाक हवेत असताना हाताने फिरवा, ब्रेक लावा, दोन्ही हातांनी फिरवून बघा, सोडा, परत फिरवा. असं दहा वेळा. दहाव्या वेळेलाही पहिल्यासारखं मोकळं फिरलं पाहिजे. मग खाली उतरवून रिकामी ट्रॉली दोन-तीन किलोमीटर हळू न्या आणि दोन्ही हबचं तापमान बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. कपाळाचा ताप बघायचा मात्र चालणार नाही, त्याची मर्यादा कमी असते, कारखान्यात वापरतात तो घ्या. नसेल तर हाताची उलटी बाजू हबच्या जवळ न्या, लगेच टेकवू नका. एक बाजू गार आणि एक भाजणारी, तर शू घासतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. परत जॅकवर. शेवटी मोकळ्या सपाट मैदानात, आजूबाजूला माणूस नसताना, हळू वेगात ब्रेक मारून बघा. दोन्ही चाकांनी सारखं धरलं पाहिजे.

तपासणीचे पैसे वेगळे का, याचं उत्तर इथे आहे. मजुरीत ती धरलीत तर घाईच्या दिवशी सगळ्यात आधी चाचणीलाच कात्री लागते. बिलावर वेगळी ओळ असली की ती करावी लागते. कागद साधा असू द्या: ट्रॉलीचा नंबर, काय सापडलं, काय बदललं, चाचणी झाली का, दोघांच्या सह्या. आधीचे-नंतरचे फोटो मोबाईलमध्ये तारखेनिशी ठेवा.

आणि तो "रॉड कापून टाका" वाला? त्याच्याशी भांडू नका. वयाने मोठा असेल तर असं बोला: "काका, चाक आत्ता सोडवून देतो, पण ब्रेक तोडून देणार नाही. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शू उद्या सकाळी येतात, दुपारपर्यंत जोडून देतो. आज दुसरी ट्रॉली लावा." तरीही तो ऐकत नसेल, तर तपासणीचे ३०० घ्या, कागदावर "ब्रेक निकामी, दुरुस्ती नाकारली" असं लिहून सही घ्या आणि निघा. ते १,८०० रुपये सोडा. रात्री घाटात काही झालं तर पोलीस पहिल्यांदा विचारतील की याला शेवटचा हात कोणी लावला.

मुळातच ब्रेक नसलेल्या ट्रॉल्याही तुम्हाला भरपूर दिसतील. तिथे स्वतःच्या डोक्याने एक्सलला ब्रॅकेट वेल्ड करून ब्रेक बसवायला जाऊ नका. एक्सल त्या भारासाठी बनवलेला आहे का हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि पासिंगचाही प्रश्न येतो. तो मालक ट्रॉली बनवणाऱ्याकडे पाठवा. तुमच्याकडे त्याच्यासाठी जोड, पिन, साखळी, बेअरिंग आणि मागचे रिफ्लेक्टर एवढं काम आहेच.

पुढच्या व्हिडिओत हबचं बेअरिंग किती आवळायचं ते दाखवतो, स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी का घालायची त्यासकट. तोवर एक काम करा: वही घेऊन तुमच्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या ट्रॉल्या मोजा. दोन चाकी किती, चार चाकी किती, कितींना ब्रेक आहे, मालकाचा फोन नंबर काय. ही वही ऑगस्ट संपायच्या आत भरलेली पाहिजे.